मार्सेलिना मिस्किटा कापते ते डोंगर

१९८४ साली मी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत टायपिस्ट होते. मासे, तेलं, जनावरांचं खाद्य तपासून रिपोर्ट द्यायचे, हे तिथलं काम. मार्सेलिना मिस्किटा तिथे काचेची भांडी धुवायची. चाळिशीतली, मनोरीची. नवरा डेनिस मासेमारी करायचा. बोटीने मार्वे, बसने मालाड, मग अंधेरी, एवढं करूनही ती आमच्याआधी हजर.

त्या वर्षी कोळंबीचं खाद्य बनवणाऱ्या एका कंपनीने काम दिलं. माशांच्या आणि खाद्याच्या तेलात कुठली स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिडं) किती, ते त्यांना हवं होतं. आमचा केमिस्ट जयवंत नमुन्यातलं तेल काढायचा, त्यावर प्रक्रिया करून एक थेंब यंत्रात सोडायचा. मग सरकत्या कागदावर पेन डोंगर काढत जायचं. एकेक डोंगर म्हणजे एकेक आम्ल. डोंगर जेवढा मोठा, तेवढं ते जास्त. क्षेत्रफळ काढणारं उपकरण आमच्याकडे नव्हतं. त्यामुळे आलेखाची झेरॉक्स काढायची, डोंगर कात्रीने कापायचे आणि नाजूक तराजूवर तोलायचे. कागद सगळीकडे सारखा, म्हणून वजनावरून प्रमाण कळायचं.

पण जयवंतने एकाच आलेखाच्या दोन झेरॉक्स कापल्या की उत्तरं दोन यायची. आमच्या मुख्य शास्त्रज्ञ उत्तरा मॅडम वैतागल्या.

"जयवंत, मासा एकच ना रे?"

"मासा एकच, मॅडम. कात्रीपण एकच."

दारात ट्रे घेऊन उभी असलेली मार्सेलिना फिसकन हसली.

"मावशी, हसता काय? वाट लागलीय इथे!"

"अरे, तू कात्री फिरवतोस. कात्री जागेवर धरायची, कागद फिरवायचा. दर मे महिन्यात क्रुसाच्या सणाला अख्ख्या गावाच्या पताका मी कापते."

मॅडमनी तिच्यापुढे कागद सरकवला. मार्सेलिनाने साबणाचे हात धुऊन कोरडे केले आणि बसली. दोन्ही झेरॉक्सचे डोंगर तिने पेनाच्या रेघेवरून असे उतरवले, की वजनात जेमतेम शेवटच्या आकड्याचा फरक. जयवंतला पटेना. त्याने तिसरी झेरॉक्स आणली. तेच.

"झकास, मावशी!"

पुढच्या आलेखावर ती अडली. दोन डोंगर एकमेकांना चिकटले होते. "मॅडम, ह्यांची हद्द कुठे?"

मॅडमनी मधल्या खाचेतून खाली पेन्सिलने सरळ रेघ मारली. "इथून."

"एवढ्या झटपट वाटणी? आमच्या शेतात असं झालं असतं तर दोन घरं अजून एकमेकांशी बोलत असती."

त्या दिवसापासून कापणी तिच्याकडे आली. पण नुसतं कापून ती गप्प बसणारी नव्हती. शेवटाकडचा हा उंच डोंगर कशाचा, असं तिने विचारलं. समुद्रातल्या बारीक शेवाळातून माशांत येतं ते, कोळंबीच्या वाढीला फार चांगलं, असं मॅडमनी सांगितलं.

"मग तारली आणा की! दसऱ्यानंतरची तारली भाजायला तव्यात तेल लागत नाही. बोंबलात काय, नुसतं पाणी."

मॅडमनी ते मनावर घेतलं. ऑक्टोबरात मार्सेलिना बर्फात घालून डेनिसच्या जाळ्यातली तारली आणि बोंबील घेऊन आली. बोंबलातून तेल निघालं ते जेमतेम बुडाला लागण्यापुरतं. तारलीचं बघतच राहावं असं. आणि यंत्राने तिचा तो शेवटाकडचा डोंगर काढायला घेतला, तर पेन कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकलं! जयवंतला नमुना पातळ करून पुन्हा सोडावा लागला. सगळे यंत्राभोवती जमलेले, आणि मार्सेलिना पदराने तोंड झाकून हसत होती.

रिपोर्ट मीच टाइप केला. खाली मॅडमनी एक ओळ घालायला लावली: "आलेख कापणी व वजन: मार्सेलिना मिस्किटा." तिने ती तीनदा वाचली, बोट ठेवून. एक प्रत घरी नेली. पुढच्या महिन्यात हजेरीपुस्तकातल्या तिच्या नावापुढे 'प्रयोगशाळा साहाय्यक' असंही लागलं.

पण त्याआधी, प्रत घरी नेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आल्या आल्या तिने मला सांगितलं, "डेनिसने वाचलं बरं का. म्हणतो, कापणाऱ्याचं नाव आहे, पकडणाऱ्याचं कुठेय?"

मॅडम आतून ऐकत होत्या. "बरोबर आहे त्याचं," त्या म्हणाल्या. "सुलक्षणा, कागद चढव मशीनवर."

मी टाइप केलं: "नमुने: डेनिस मिस्किटा, मनोरी."