नाबिर्येचं जुनं नाव

आमच्या बुसोगा मुलखात बाईला जुळं झालं की तिचं जुनं नाव संपतं. त्या दिवसापासनं ती नाबिर्ये, म्हणजे जुळ्यांची आई. जुन्या नावानं हाक मारली तर जुळ्यांचा अपमान होतो, म्हणून सख्खी आईसुद्धा ते तोंडातनं काढत नाही.

माझ्या शेजारणीची जुळी दोन वर्षांची होऊन केळीच्या बागेत पुरली. दोघांना सिकलसेल या रक्ताच्या रोगानं नेलं, आईला तो जन्मापासनंच. नवऱ्यानं "तुझं रगातच नासकं" म्हणत इगांगा गावात दुसरी बायको केली. बाईकडं राहिलं ते एवढं नाव.

ऐन उन्हाळ्यात तिचे सांधे धरले, डोळे हळदीवानी पिवळे झाले. मोटारसायकलवाल्याच्या आणि माझ्या मधे तिला चेपून बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. अंगातलं हिमोग्लोबिन चारावर आलेलं. नाइगागा सिस्टर पिशवी टांगायला लागली.

"मावशी, आधी कधी रगात घेतलंय?"

"एकदा. हितंच, लग्नाआधी. त्ये उलटलं. आठ दिसांनी लघवी कोकाकोलावानी काळी. मरता मरता वाचले."

सिस्टरचा हात थांबला. तिनं जुनी वही चाळली. "नाबिर्ये सतरा हायत, पर तुझ्या गावची एकबी न्हाई. तवा नाव काय हुतं तुझं?"

नाबिर्येनं भिंतीकडं तोंड केलं.

"सांग की गं," मी म्हणाले. मला ठाऊक असतं तर मीच सांगितलं असतं. पण मी तिला जुळ्यांची आई म्हणूनच ओळखते. ज्यांना ते नाव ठाऊक होतं ती माणसं मातीत गेली; एक नवरा उरला, तो इगांगात.

"त्ये नाव घेतलं, की माझी दोघं जन्मलीच न्हाईत असं हुईल."

"आन तू मेलीस, तर त्यांच्या कबरीवरचं गवात कोण काढंल? तुझा नवरा?" मी विचारलं.

"त्यो? सोताची दाढी तर काढतोय का भडवा!" ती हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. मग भिंतीलाच सांगावं तसं हळू बोलली, "कागोया."

सिस्टरला कपाटात त्या नावाचं कार्ड सापडलं. वर तांबड्या शाईनं लिहिलेलं: हिच्या अंगात आधीच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं आहेत; नुसता गट बघून देऊ नये, मोठ्या रक्तपेढीतनं जुळवून आणावं. टांगलेली पिशवी सिस्टरनं उतरवली.

जुळलेलं रक्त जिंजाच्या रक्तपेढीहून बर्फाच्या पेटीतनं दुसऱ्या दुपारी आलं. तोवर ती रताळ्याचा घास तोंडात नुसता फिरवत पडून राहिली. थेंब थेंब रक्त गेलं. सिस्टर घटकेघटकेला ताप बघत होती.

चांगले दहा दिवस ठेवून घेतलं तिला. लघवी स्वच्छ. घरी जायच्या सकाळी सिस्टरनं कार्ड हातात धरून दारातनं पुकारलं, "कागोया!"

कुणीच हललं नाही.

"अगं, कागोया कोन हाय हितं?"

नाबिर्येसुद्धा मान वळवून सगळ्या खाटांवरनं बघत होती, कोण बाई आहे म्हणून. मी कोपरानं ढोसलं तेव्हा उठली.