शेंदराखालच्या दोन ओळी

आमच्या घरात डिंक म्हणून टिकत नसे. लाडवांसाठी मी डबा भरून ठेवावा आणि थंडीत उघडावा तर बुडाशी दोन खडे. बाकीचा सगळा यांनी दिव्याच्या काजळीत खलून त्याची शाई केलेली असायची. ओला कागद दगडावर थापायचा, कुंच्यानं ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वरून चिंधीच्या बोळ्यानं शाई टिपायची. कागद काळा होतो, अक्षरं पांढरी राहतात. त्या चिंध्या म्हणजे माझी मऊ झालेली लुगडी, हे वेगळं सांगायला नको.

तसे हे सरकारी शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर. राज्य निजामाचं, शिकवणं सगळं उर्दूत. आठवडाभर पोरांकडून अलिफ-बे घोकून घ्यायचं आणि सुटीच्या दिवशी कागदाची गुंडाळी काखेत मारून चौसाळ्यापासून नांदूरघाटापर्यंत पायपीट करायची. बांधावर, बारवेत, कुणाच्या गोठ्यात अक्षरांचा दगड दिसला की बसलेच ठसा घ्यायला. लोक म्हणत, मास्तर गुप्तधन हुडकतो. सापडू दे बाबा एकदाचं, मी मनात म्हणायची, माझा डिंक तरी सुटेल.

पण खोटं कशाला बोलू? मलाही नाद लागला. ठसे वाळवायला मी, गुंडाळायला मी, मग नुसती हमाली कशाला म्हणून मी अक्षरंही शिकवून घेतली. आताची नव्हे, जुनी, दगडावरची. वर्ष-दोन वर्षांत माझी नजर यांच्यापेक्षा बरी बसली. हे मी नाही म्हणत, तेच म्हणायचे, आणि चारचौघांत म्हणायचे. त्या काळात असा नवरा हुडकून दाखवा.

आमच्या गावाच्या शिवेवर एक शिळा होती, माणसाच्या छातीएवढी. तिचा वरचा भाग म्हणजे देवी. पिढ्यान् पिढ्या तेल-शेंदूर चोपडून त्याचा वीतभर जाड थर झालेला. खाली पाच ओळी उघड्या होत्या. इथं विहीर खोदली, तिचं पाणी माणसांना आणि जनावरांना सारखंच मोकळं आहे, जो अडवील त्याला शाप, असा मजकूर. शाप काय ते मी इथं लिहिणार नाही. पहिल्यांदा वाचला तेव्हा पदर तोंडाला लावून आत पळाले होते. विहीर कुणी खोदली, ते मात्र वरच्या दोन ओळींत, शेंदराखाली गडप.

त्या दोन ओळींनी यांचा जीव खाल्ला. यांनी पाटलांना विचारलं, कुलकर्ण्यांची दप्तरं चाळली, जोशीबुवांच्या पोथ्या सोडून बघितल्या. दहा गावच्या शिळांशी ताडून पाहिलं. शेवटी अनुमान बांधलं की एवढी देखणी शिळा राजाच्या अंमलदाराशिवाय कोण उभारणार? विहीर राजाज्ञेनं झाली. तसा लेख लिहून पुण्याच्या संशोधक मंडळींना धाडला, आणि काय सांगू, तिकडून बोलावणं आलं. ज्येष्ठात सभा आहे, येऊन स्वतः वाचा, मग छापू. खाली एक ओळ होती की वरच्या दोन ओळींचा काही पत्ता लागल्यास लेखात जरूर घालावा.

मोगलाईतल्या खेड्यातल्या मास्तराला पुण्याचं बोलावणं! मी शिंप्याकडून यांना नवा कोट शिवून घेतला. मांजरसुंब्याच्या माझ्या माहेरी निरोप गेला. यांच्याकडे वेडं म्हणून बघणारे माझे भाऊ पहिल्यांदा घरी येऊन यांच्याशी अदबीनं बोलले. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

शेंदूर खरवडावा असं नाही का कुणाला सुचलं? सुचलं की. एका शहाण्यानं सांगितलंही, ऊन पाणी टाका नि खरवडा, कोण बघतंय. हे एवढंच म्हणाले की तो दगड माझा नाही. सात वर्षं त्या शिळेवरून शाळेला गेले आले, पण नखसुद्धा लावलं नाही.

आणि त्याच चैत्रात देवीचं कवच सुटलं. असं शेंदराचं कवच सुटायला एक-दोन पिढ्या लागतात. उन्हानं थर भेगाळतो आणि एक दिवस आख्खा गळून पडतो. मग त्याला वाजतगाजत नदीत सोडायचं. इकडे देवी उघडी पडली म्हणून चहूबाजूंनी चादरी धरायच्या, पुरुषांनी पाठ फिरवायची, आत फक्त बायकांनी जायचं. देवीला न्हाऊ घालायचं आणि दुपारच्या आत नवा शेंदूर लावायचा. पूजा धनगरांच्या एका घराकडे होती, त्यातली म्हातारी पुजारीण. हे तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. तिनं यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझ्याकडे बोट केलं. “बाई येऊ द्या. तुमी न्हाई.”

जाताना यांनी मला एकच सांगितलं. “जसं असेल तसं वाच. मला काय हवंय ते विसरून जा.”

आत चार बायका पाणी घालत होत्या. शेंदराखाली राहिलेली ती अक्षरं काल कोरल्यासारखी होती. एकही झिजलेलं नाही. मी बोट फिरवत वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही तेच. राजा नव्हता, अंमलदार नव्हता, कुणी नव्हतं. या गावच्या धनगरांनी, मेंढरं तहानेनं मेली त्या साली, स्वतः खणून ही विहीर केली, एवढंच होतं. म्हातारीनं शेंदराचा हात मारला आणि ओळी गेल्या. आता माझा जन्म संपेपर्यंत त्या कुणाला दिसणार नव्हत्या.

बाहेर आले तर हे पाठ फिरवून उभे. कान लाल झालेले. मी म्हणाले, “पार झिजलंय. काही लागत नाही.”

का म्हणाले असं? कोट डोळ्यांपुढे आला, भाऊ आले, सात वर्षांची पायपीट आली. शेंदराला आणि मला सोडून कुणाला ठाऊक होतं? आत होत्या त्या बायकांना वाचता येत नव्हतं. हे नुसते “बरं” म्हणाले आणि कागदाची गुंडाळी उचलून घरी चालू लागले. मला एकदासुद्धा उलटून विचारलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

दोन दिवसांनी लेखाची स्वच्छ प्रत झाली. ताडून बघायला माझ्याकडे दिली, नेहमीसारखी. शेवटी नवीन मजकूर होता. वरच्या दोन ओळी माझ्या पत्नीने जवळून पाहिल्या, त्या पूर्ण झिजल्या आहेत. तिची नजर माझ्याहून चोख असल्याने याविषयी शंका नसावी.

मेले मी! रात्री ताट तसंच बाजूला सारलं. हे विचारत होते, पोट बिघडलं का, ओवा देऊ का. सकाळी हे अंघोळीला पाणी काढत होते, तिथंच उभं राहून मी सगळं सांगून टाकलं. यांच्या हातातला दोर तसाच राहिला. आता हे ओरडतील, कदाचित हात उगारतील, म्हणून मी डोळे मिटून उभी.

“अक्षरं आठवतात?” म्हणाले.

मी मान हलवली. ओल्या अंगानं आत जाऊन यांनी कागद आणला, दौत आणली, टाक माझ्या हातात दिला. मी दोन्ही ओळी लिहिल्या, जशा होत्या तशा, काना-मात्रेसकट. यांनी वाचल्या आणि चेहरा असा फुलला की मी बघतच राहिले. धनगरांनी खोदली, पुन्हा पुन्हा तेच म्हणत हे अंगणात येरझारा घालायला लागले. सात वर्षांचं अनुमान मातीत गेलं होतं आणि या माणसाला उत्तर मिळाल्याचा आनंद झाला होता! रागावले ते नंतर, आणि एकदाच. “माझी चूक होती, ती तू माझ्यापासून लपवलीस. दुसरं काहीही लपव, ते लपवू नको.”

त्याच दिवशी पुण्याला पत्र गेलं. माझे अनुमान चुकले, लेख परत घेतो, खरा पाठ सोबत जोडला आहे, तो माझ्या पत्नीने वाचला. तिकडून सभ्य उत्तर आलं. सभेतली जागा दुसऱ्या गृहस्थांना दिली, सुधारलेला लेख पाठवल्यास छापता येईल. नवा कोट घालून हे शाळेत गेले. भाऊ पुन्हा फिरकले नाहीत.

मग एका संध्याकाळी आम्ही दोघं धनगरवाड्यावर गेलो. हे म्हातारीला मोठ्या उमाळ्यानं सांगायला लागले की आजी, ती विहीर राजानं नाही, तुमच्या माणसांनी खोदली, दगडावर लिहिलंय. म्हातारी कोकराला पाजत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

“आमाला ठाव हाय की,” ती म्हणाली. “आमच्या गाण्यात हाय. कुनी कुनी माती उपसली, त्यांची नावं बी हायत.”

“मग इतकी वर्षं बोलला कशा नाहीत?”

“तुमी पाटलाला इचारलं, बामनाला इचारलं. आमाला कवा इचारलं?”

पुण्याचं बोलावणं हुकलं तेव्हा यांचा चेहरा पडला नव्हता, तो तेव्हा पडला. मग तिथंच लेंड्यांत मांडी घालून बसले, खिशातून शिसपेन्सिल काढली आणि म्हणाले, “आता विचारतो.” म्हातारी दिवेलागणीपर्यंत गात होती आणि हे लिहीत होते. मी आयुष्यात यांना एवढं वाकून बसलेलं दुसऱ्या कुणापुढं पाहिलं नाही. तहसीलदारापुढंही नाही.

नव्या लेखाचं पहिलंच वाक्य यांनी लिहिलं होतं की या विहिरीची हकीकत गावातल्या धनगरांना तोंडपाठ होती, मी सात वर्षांत त्यांना विचारले नाही. लेख छापून आला. सोबत लेखकाला म्हणून पंचवीस सुट्या प्रती आल्या. हे हरखून वाचायला बसले, आणि बघतात तर पहिलं वाक्य गायब. संपादकांनी गाळलेलं. शास्त्रीय लेखात असली कबुली शोभत नाही, असं त्यांनी कळवलं होतं.

मी म्हणाले, जाऊ द्या, नाव तर छापलं. यांनी दौत घेतली आणि पंचविसांच्या पंचवीस प्रतींवर, लेखाच्या माथ्यावर, ते वाक्य हातानं लिहून काढलं.