पडून उठणाऱ्यांचा चाहता

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. चंद्रपूरच्या घरी मी सकाळी अंगणात पेपर चाळत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे सोमा. "गुरुजी, भाऊ गेला," एवढंच बोलला. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "झाडावरून?" विचारल्याबरोबर माझी मलाच लाज वाटली. सत्तरीला टेकलेला माणूस, गुडघे धरलेले, झाडावर कशाला चढेल? पण सोमाला त्यात काही वावगं वाटलं नाही. "नाई गुरुजी. खाटेवर. सून चहा घेऊन गेली, तर उठलाच नाई." मला बरं वाटलं... जिवलग माणूस गेल्याच्या बातमीत बरं वाटावं असं काही असेल, तर ते हेच होतं. दसरू कुमरे खाटेवर गेला. त्याच्या घरात हे सोपं नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत गडचिरोलीकडच्या धानोरा तालुक्यात आतल्या एका गावात मी शाळामास्तर म्हणून गेलो, तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. वडील ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कामगार, बाबासाहेबांचा फोटो आणि पुस्तकांची पेटी एवढंच घरचं वैभव. पोराला मास्तर झालेलं पाहून वडील सुखावले आणि पोरगा कुठे चाललाय ते ऐकून आई रडली. गावात एकाच खोलीची शाळा आणि तिला लागून कुमऱ्यांचं घर. दसरू माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो आणि मी मास्तर, म्हणून तो मला गुरुजी. घरात त्याची माय आणि अठरा वर्षांचा धाकटा भाऊ सोमा. बाप दोन वर्षांपूर्वी हंगामात चाराच्या, म्हणजे चारोळीच्या, झाडावरून पडून गेला होता. दसरू त्या वेळी त्याच झाडाखाली टोपली धरून उभा होता. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही, मायनं सांगितलं.

आता असं झाल्यावर झाडावर चढणं सोडावं की नाही? पण चैत्र-वैशाखात चार पिकतो, त्या पाच-सहा आठवड्यांवर अर्धं वर्ष चालतं. कोणीतरी चढायलाच हवं. आणि सगळ्या गावात सोमासारखा चढणारा नव्हता. शेंड्याच्या फांदीवर पाय टाकून तो असा उभा राहायचा की खाली आमचे तळपाय शिवशिवायचे. दसरू खाली उभा राहून वर पाहायचा. हंगाम संपेपर्यंत त्याला अन्न गोड लागत नसे.

अशातच आम्ही एकदा गडचिरोलीला गेलो. मला ऑफिसातून पाठ्यपुस्तकं आणायची होती, त्याला नांगराचा फाळ. दुपारची बस काही आली नाही. स्टँडजवळच्या एका खोलीत व्हिडिओ चालू होता. खिडक्यांना ताडपत्री, समोर रंगीत टीव्ही, चार बाकं आणि बिडीचा धूर. "बस येऊस्तवर बसू," मी म्हटलं. पिक्चर परदेशी, भाषा कोणाच्याच बापाला कळत नव्हती. पण कळायची गरजही नव्हती. एक देखणा हिरो असतो, त्याला उंचीची भीती. त्याच्या जागी उड्या मारायला दोन डुप्लिकेट ठेवलेले, एक बुटका आणि एक लांबाडा. हिरो कॅमेऱ्यासमोर केस सावरतो आणि हे दोघे तिसऱ्या माळ्यावरून पडतात, धावत्या गाडीवरून पडतात, शिडीसकट पडतात, एकमेकांवर पडतात. पडले की मेल्यासारखे पडून राहतात. लोकांचा श्वास अडकला की उठून अंगावरची धूळ झटकतात आणि दोन्ही हात वर करतात. खोलीतली माणसं हसून हसून बाकावरून घसरत होती. मीही. शेजारी पाहिलं तर दसरू हसत नव्हता. दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून, तोंड उघडं टाकून पाहत होता.

बसमध्ये त्यानं फाळ पायाशी ठेवला. मग म्हणाला, "गुरुजी, ते उठून राह्यले."

"पिक्चर आहे भाऊ."

"पिच्चर हाय, पन पडला तो तर खराच पडला ना? माणूसच होता ना तो? तिसऱ्या माळ्यावरून पडते आन् उठते. काऊन उठते?"



त्यानंतर त्याला त्या पिक्चरचं वेडच लागलं. बाजारासाठी म्हणून गडचिरोली, दवाखान्यासाठी म्हणून गडचिरोली. तसल्याच धाटणीचे आणखी एक-दोन पिक्चर आले, तेही पाहिले, पण बुटक्या-लांबाड्याची सर कोणाला नाही असं त्याचं ठाम मत होतं. हिरोबद्दल विचारलं तर म्हणायचा, "तो काय, नुसता तोंड दाखवते." परत आला की शाळेच्या अंगणात अख्खा पिक्चर करून दाखवायचा. दोघांची कामं एकटाच करी. बैलबंडीवरून मागे पडायचा, बांधावरून गडगडत जायचा, पडता पडता खांदा कसा वळवतात ते पोरांना शिकवायचा. माझ्या वर्गात पाढे कोणाला येत नव्हते, पण कोलांटी सगळ्यांना येत होती. मी त्याला चिडवायचो, "भाऊ, तू मास्तर हो, मी चार तोडायला जातो." तो हसायचा. पण प्रश्न त्यानं सोडला नव्हता. पडताना दिसतात, उठताना दिसतात, मधलं दिसत नाही. जमिनीला टेकण्याच्या त्या क्षणालाच पिक्चर दुसरीकडून दाखवतात. ते मधलं काय असतं?

तो मधला भाग आम्हाला सापडला तो व्हिडिओवाल्याच्या भुकेमुळे. गोष्ट संपून पडद्यावर नावं येऊ लागली की तो लगेच कॅसेट बंद करायचा आणि माणसं बाहेर पडायची. सगळीकडे हीच रीत. नावं कोण वाचतं, आणि तीही परक्या भाषेतली? त्या दुपारी तो बाहेर भजी खायला गेला आणि कॅसेट चालूच राहिली. खोली रिकामी झाली होती, आम्ही दाराशी चपला घालत होतो. मागून गलका ऐकू आला म्हणून वळून पाहिलं. नावं वर सरकत होती आणि नावांच्या मागे तेच दोघे पुन्हा पडत होते, या वेळी संगीताशिवाय. कॅमेरा मागे होता आणि सगळं दिसत होतं. खाली रिकाम्या खोक्यांची रास, खोक्यांवर चादर. बुटका पडला, खोकी दबली, तो उठला. लांबाडा पडला... आणि उठला नाही. माणसं धावली. त्याला उचलून नेलं. पुढच्याच तुकड्यात तो गळ्याला पट्टा बांधून खुर्चीत बसलेला, हसत, आणि त्याच्या मागे परत खोकी रचणं चाललेलं.

दसरू एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन उभा होता. "खोके हायेत," तो हळूच म्हणाला. "गुरुजी, खाली खोके हायेत." मग थोड्या वेळानं, "आन् तरी लागते त्यायले. लागते, आन् उद्या परत चढते." त्याच्या आवाजात जे होतं ते मी एरवी माणसांच्या आवाजात देवळात ऐकलं आहे. व्हिडिओवाला तेल लागलेली बोटं पुसत आला. दसरूनं त्याला कॅसेट मागे घ्यायला लावली, तीनदा. तो वैतागला नाही, उलट स्वतःच आ वासून पाहत राहिला. वर्षभर कॅसेट लावत होता, पण शेवट त्यानंही कधी पाहिला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी ऊर्जानगरहून येताना वडिलांना सांगून स्टोअरमधली टाकाऊ पुठ्ठ्याची खोकी बसच्या टपावर टाकून आणली. शहाणपण माझं. दोन दिवसांत गावच्या शेळ्यांनी ती खाऊन टाकली. दसरूला हसू आवरेना. मग म्हणाला, "आपल्याकडं तणस हाय ना." धान मळून झाल्यावर उरलेलं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, प्रत्येक घरामागे ढिगानं असतं. आम्ही पोत्यात दगड आणि माती भरून फांदीवरून खाली सोडायला सुरुवात केली. दाबून रचलेल्या तणसावर पोतं फुटायचं, सैल टाकलं तर जमिनीला जाऊन भिडायचं. खाली झुडपांच्या बारीक फांद्या घातल्या, थर वाढवले. छातीइतका ढीग झाला तेव्हा कुठे पोतं शाबूत राहिलं.

पण खरी अडचण तणसाची नव्हती. त्या गावात माणूस गेला की त्याला तणसावर निजवतात. जित्या माणसाखाली तणस अंथरायचं म्हणजे त्याची तयारी करून ठेवायची. मायनं ऐकलं आणि ती दारातच बसली. "माह्या पोराखाली तणस नोको. एक गेला तेवढा पुरे." सोमानं वेगळंच धरलं होतं. खाली गादी घालून चढायचं म्हणजे गावभर हसं. दसरूनं वाद घातला नाही. हंगामाआधीच्या एका सकाळी त्यानं सगळ्या गावाला झाडाखाली बोलावलं.

डोक्याला मायचं लुगडं गुंडाळून तो आधी हिरो झाला. दोन हात चढायचा, खाली बघायचा, थरथरायचा, लुगड्याचेच केस सावरायचा. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सोमाही हसला. मग लुगडं खाली टाकून तो डुप्लिकेट झाला आणि सरसर वर गेला, बाप जिथून पडला होता त्या फांदीपर्यंत. आम्ही पोती टाकली होती, माणूस नव्हता टाकला. त्यानं पाठ वळवली आणि स्वतःला सोडून दिलं. तणस फसकन दबलं, काड्या उडाल्या, आणि तो त्यात मेल्यासारखा पडून राहिला. पिक्चरमध्ये पडून राहतात तसा, लोकांचा श्वास अडकावा म्हणून. पण अंगणातल्या खेळात तो पडल्याबरोबर उठायचा, आणि खरा पिक्चर गावात आम्हा दोघांशिवाय कोणी पाहिला नव्हता, हे तो विसरला होता. त्यांना दिसलं ते एवढंच, की दसरू तणसावर निपचित पडला आहे.

माय उठली. ती चालत चालत ढिगापाशी पोचली, वाकली, आणि त्याच क्षणी हा उठून बसला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. मायनं त्याच्या मुस्काटात एक वाजवली. मग दुसरी. मग मुठी भरभरून तणस त्याच्या तोंडावर फेकत राहिली, रडत होती आणि फेकत होती. दसरू मार खात म्हणत होता, "उठलो ना वो माय. पाय, उठलो ना." बऱ्याच वेळानं तिचा हात थांबला. तिनं ढिगाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "मेलेल्याले सरळ टाकते. जित्याले आडवंउभं टाका." आणि स्वतः वाकून तिनं काड्यांचा एक थर आडवा घातला, त्यावर एक उभा. गंमत अशी, की आडव्याउभ्या थरात हवा राहते आणि तणस आणखी मऊ बसतं. आम्हाला पोती फोडून जे नीट जमलं नव्हतं, ते तिनं मरण टाळण्यासाठी केलं आणि जमून गेलं.

त्या उन्हाळ्यात सोमा खाली तणस घालून चढला, तोंड वाकडं करून का होईना. पावसाळ्याच्या तोंडावर माझी बदली मुलचेऱ्याकडे झाली. पुढे दसरूशी भेटी व्हायच्या त्या गडचिरोलीच्या बाजारात. व्हिडिओच्या खोल्या बंद पडल्या, टीव्ही घराघरांत आले, पण त्याची चौकशी तीच. "गुरुजी, नावं संपेस्तवर बसता ना?" मी बसतो. थिएटरात झाडूवाला येऊन उभा राहतो, बायको दारातून हाका मारते, मी बसलेला असतो. ज्यांनी आपल्याला हसवण्यासाठी हाडं मोडून घेतली, त्यांची नावं वाचता आली नाहीत तरी समोरून जाऊ तरी द्यावीत, हे मला एका चार तोडणाऱ्या माणसानं शिकवलं. पिक्चरवर लिहिणारे पुष्कळ वाचले. त्याच्याइतकं खोल पाहणारा मला भेटला नाही.

गेल्या महिन्यात मी गावी जाऊन आलो. हंगाम सुरू होता. चाराच्या झाडांखाली तणस होतं, आडवंउभं. ते घालणाऱ्या पोरींना असं का घालतात ते सांगता आलं नाही, तसंच घालतात म्हणाल्या. सोमाचे केस पांढरे झालेत. आम्ही दोघे दसरूच्या रिकाम्या खाटेपाशी खालीच बसलो. मी सोमाला म्हटलं, बरं झालं, तुझ्यावर कधी ते तणस वापरायची वेळ आली नाही.

सोमा माझ्याकडे पाहत राहिला. "तुमाले नाई सांगितलं त्यानं? तुमी गेल्यावर दुसऱ्याच साली पडलो ना मी. शेंड्यावरून. फांदीच मोडली." मायपर्यंत जाऊ नये म्हणून दसरूनं सगळ्यांना गप्प बसवलं होतं. ते गप्प बसणं इतकी वर्षं टिकलं. "पडलो, दोन घटका काई सुचलं नाई. मंग उठलो. सारे हासाले लागले गुरुजी, मीबी हासलो. भाऊ नाई हासला. मले खाली बसवलं आन् आंगावरचं तणस काढाले लागला. एकेक काडी. डोक्यातली, पाठीवरची."

सोमानं खाटेच्या दोरीवरून हात फिरवला.

"काड्या सरल्या, तरी काढूनच राह्यला होता."