भर उन्हात बंद पंखा

दुपारी गल्लीतली वीज गेली. दुरुस्तीसाठी समोरच्या खांबावर वायरमन चढला होता. आमच्या गच्चीवर सोलरची पॅनल लख्ख उन्हात चमकत होती आणि खाली घरात पंखा बंद होता. मी ओट्यावर बसून पदराने वारा घेत होते.

शेजारच्या सुशीलावहिनी हसल्या. "काय हो, डोक्यावर एवढा सूर्य आणून बसवलात, आणि वारा पदराचाच?"

खांबावरून वायरमनच बोलला, "मावशी, त्यांची वीज आपल्याच तारेला जोडलेली आहे. लाइन बंद असताना ती चालू राहिली, तर तारेतून उलट माझ्या हातात येईल. म्हणून ती आपोआप थांबते."

"अगं बाई!" म्हणून वहिनींनी वर खांबाकडे पाहिलं.

मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. तो निवांतपणे तारेला पीळ देत होता. सगळ्यांच्या तारेला जोडून घेतलं की त्याचं मोल असंही द्यावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. एरवी आमची उरलेली वीज त्या तारेवरून कुणाच्या तरी घरी जाते, याचा आनंद होताच. आजचा अभिमान वेगळा होता. एवढं ऊन असून आमची गच्ची एका माणसासाठी थांबली होती. घामाने माझी पाठ भिजली, तरी पंखा लवकर सुरू व्हावा असं वाटेना. करू दे त्याला सावकाश. मी बसले आहे.