उत्तरं देणारा नवरा

ताई आधी विमा कंपनीत होत्या. कुणी गेलं की दाव्याच्या चौकशीला त्या घरी जायचं, हे त्यांचं काम. रडून सुजलेल्या डोळ्यांसमोर बसायचं आणि विचारायचं, "शेवटचं कधी बोललात?" शेवटी मन विटलं. नोकरी सोडून त्यांनी इस्त्रीवाल्याच्या दुकानावरची खोली घेतली आणि लोकांना पैशांचे सल्ले द्यायला लागल्या. अडीअडचणीसाठी किती बाजूला ठेवावं, म्हातारपणाची सोय कधीपासून करावी, सगळं न कंटाळता समजावायच्या. "विमा आधी कमावत्या माणसाचा," हे मात्र आल्याआल्याच सांगून टाकायच्या.

एका दुपारी एक जोडपं आलं. नवऱ्याचं फर्निचरचं दुकान, बोलणं लोण्यासारखं मऊ. बायकोच्या मनगटाला पट्टी.

"हिचा विमा काढायचाय. चांगला मोठा," तो म्हणाला.

"घरात कमावतं कोण?"

"मीच."

"मग आधी तुमचा काढू."

तो हसला. "मला काय होणार आहे, ताई?"

ताईंची नजर मनगटाच्या पट्टीवर गेली. त्यांनी बायकोला विचारलं, "हाताला काय झालं?"

"जिन्यात पाय घसरला," उत्तर नवऱ्यानंच दिलं. "धांदरट आहे जरा."

"तब्येतीचे काही प्रश्न विचारायचेत. बायकांचे. तुम्ही खाली थांबा."

तो बायकोकडे बघत सावकाश उठला. पावलं जिना उतरून गेली तशी ताईंनी आवाज खाली आणला. "खरंच जिना?"

"जिनाच," ती म्हणाली. मग पदराचं टोक चुरगाळत बसली. "मी पुढे होते. हे मागे."

"माहेरी कोण आहे?"

"मोठी बहीण. पण जाणं-येणं यांना आवडत नाही. तिचं नवं घर कुठे आहे तेही यांना ठाऊक नाही."

"हे बघा, सही कुठेही करू नका. कागदांना वेळ लागेल असं मी त्यांना सांगते. तेवढ्यात बहिणीकडे निघा. दागिने हाताशी असले तर घ्या, नाहीतर नेसत्या कपड्यांनिशी. तिथे गेल्यावर पहिलं काम, स्वतःच्या एकटीच्या नावावर खातं."

"आणि तुम्ही? ते सोडायचे नाहीत तुम्हाला."

"माझं मी बघेन."

त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला. बायको तिच्याकडे पोचली होती. हाड मोडलेलं निघालं. पोलिसांत तक्रार झाली, पण जिन्यात तिसरं कुणी नव्हतं. पुढे काही सरकलं नाही.

मग तो एकटाच आला. टेबलावरची पेनं एका रांगेत लावत म्हणाला, "बायको कुठंय माझी?"

"मला काय माहीत?"

"सल्ला तर तुमचाच ना, ताई?" आवाज तसाच मऊ.

दुसऱ्या दिवसापासून तो समोरच्या बाकावर येऊन बसायला लागला. नजर खिडकीवर. इस्त्रीवाला अंगावर धावून गेला, तर हा त्यालाच हसून नमस्कार करी. बाक सार्वजनिक आहे, पोलीस म्हणाले. ताई पडदा ओढून काम करत राहिल्या.

एका सकाळी बाक रिकामा दिसला. दुसऱ्या दिवशीही.

"गेली एकदाची पीडा! सुटलात, ताई," इस्त्रीवाला म्हणाला.

ताईंनी हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता बहिणीच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोनंच उचलला.

"तिकडे आलाय का कुणी?"

"नाही. का हो?"

"कडी लावून घ्या. दुकानापर्यंतसुद्धा एकटी जाऊ नका."

बाकावर होता तोवर निदान कुठे आहे ते तरी कळत होतं. ताईंनी पडदा सरकवला आणि गर्दीतला एकेक चेहरा बघत खिडकीत उभ्या राहिल्या.