नाकवाल्या मिस्त्रींचं नाक

आमच्या ह्यांना सगळी गल्ली नाकवाले मिस्त्री म्हणते. नाक मोठं आहे म्हणून नव्हे, तसं ते बेताचंच आहे. जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर दुरुस्त करण्यात ह्यांची हयात गेली आणि दुखणं ओळखायची रीत एकच. बॉनेट उघडायचं, कार्बोरेटरच्या तोंडाशी वाकायचं आणि वास घ्यायचा. "जास्त पितेय," म्हणायचं, नाहीतर "उपाशी आहे बिचारी." एवढी समज घरातल्या माणसांच्या बाबतीत दाखवली असती तर माझा संसार सोपा झाला असता, पण ते असो.

ह्यांची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिच्यापायी झाला. मिस्त्री पेट्रोल काढून घेतात असा लोकांना कायम संशय. म्हणून ह्यांचा नियम असा की ज्या गाडीचं पेट्रोल, ते त्याच गाडीला. कार्बोरेटर धुवायचा तोही त्याच पेट्रोलने आणि उरलेलं परत त्याच टाकीत. ह्यात तडजोड नाही. मी एकदा साडीवरचा डाग काढायला थेंबभर मागितलं होतं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तर झालं असं, की एका निवृत्त नर्सबाईंची जुनी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून आमच्या दारात आली. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे वर्षभर गाडी शेडमध्ये उभी. आता गुडघा बरा, पण गाडी चालू होईना. ह्यांनी ऐटीत सांगितलं, "परवा घेऊन जा."

परवा गेला, तेरवा गेला, आठवडा गेला. कार्बोरेटर उघडला, धुतला, बसवला, परत उघडला. आमचं गॅरेज म्हणजे घराचीच पुढची खोली, मधे फक्त एक दार. स्वयंपाक करताना मला सगळं ऐकू यायचं. चावी फिरवली की सेल्फ नुसता कण्हायचा आणि मग ह्यांचा पाना आपटल्याचा आवाज. कार्बोरेटरचे छोटे छोटे जेट मांडायला माझं चांगलं स्टीलचं ताट गेलं ते गेलंच.

एका रात्री जेवताना हे म्हणाले, "ही चालू झाली नाही तर गॅरेज बंद करतो. लोकांच्या गाड्या नासवायला बसायचं नाही मला."

ओरडून म्हणाले असते तर मी कानाआड केलं असतं. पण आवाज अगदी थंड होता. हा माणूस गॅरेजशिवाय कसा जगेल, ह्याचा विचार करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम पुढच्या खोलीत गेले. हे मगातून कार्बोरेटरच्या तोंडात थोडं पेट्रोल ओतत होते. निदान तेवढ्यावर तरी इंजिन एकदा धडधडायला हवं, असं त्यांचं म्हणणं. चावी फिरवली. काही नाही.

"काय हो हा घाणेरडा वास?" मी विचारलं.

"कसला वास?"

"व्हार्निशचा जुना डबा उघडल्यासारखा. त्या मगातून येतोय."

ह्यांनी तो मग नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला आणि खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वास येत नाही गं. तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून."

त्या तापाला कितीतरी महिने होऊन गेले होते. इतके दिवस ह्या माणसाने ताकास तूर लागू दिली नव्हती. माझं डोकंच फिरलं. "म्हणून करपलेली भाजी मुकाट खात होतात तुम्ही? मला वाटलं वयाने निवळलात. मी बहिणीला कौतुकाने फोन करून सांगितलंसुद्धा."

"काय सांगणार होतो? नाकवाल्याचं नाक गेलं म्हणून?"

मग एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. "व्हार्निश म्हणालीस ना? पेट्रोल शिळं झालंय. वर्षभर टाकीत पडून खराब झालंय आणि मी तिला तेच पाजतोय, कार्बोरेटर त्यातच धुतोय, उरलेलं परत टाकीत ओततोय. पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं."

मग काय, अंगात वारं शिरल्यासारखे कामाला लागले. टाकी पार रिकामी केली, पंपावरून ताजं पेट्रोल आणलं, कार्बोरेटर त्याने पुन्हा धुतला. मी बॅटरीचा उजेड धरून उभी. चावी फिरवली तशी गाडी आधी खोकली, मग आख्खी थरथरली आणि चालू झाली. माझा जीव भांड्यात पडला. पण ह्यांचा चेहरा हलेना.

"मागे जा आणि धुराचा वास घे," म्हणाले.

"मी?"

"मग कोण? मला येतोय का?"

मी मागे जाऊन वाकले. "डोळ्यांना झोंबतोय. कच्च्या पेट्रोलसारखा."

ह्यांनी कार्बोरेटरचा स्क्रू जरा फिरवला. "आता?"

"आहे अजून. थोडा."

"आता?"

"आता नाही झोंबत."

इंजिन एका लयीत चालू लागलं. हे स्टुलावर बसले आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "मला वाटलं होतं डोकंच गेलं माझं," म्हणाले. "एवढ्या महिन्यांत कितीतरी गाड्यांत चुकलो. बसल्या बसल्या काम विसरत चाललोय असं वाटायचं. भीती वाटत होती फार."

"नुसतं नाक गेलंय," मी म्हणाले आणि मलाच रडू फुटलं.

दुपारी नर्सबाई आल्या. गाडी चालू बघून खूश झाल्या आणि साहजिकच विचारलं, नक्की बिघडलं काय होतं. आता कार्बोरेटरवर काहीतरी ढकलून देतील, असं मला वाटलं.

"पेट्रोल शिळं होतं," हे म्हणाले. "मला तापापासून वास येत नाही, म्हणून कळलं नाही. हिने ओळखलं."

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या ह्यांना दहा प्रश्न विचारले आणि कुठल्या डॉक्टरांकडे जायचं ते बजावून सांगितलं. ह्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली. मग बाई गाडीत बसल्या, आरसा नीट केला आणि स्वतः चालवत घरी गेल्या.