बहिष्काराचा कागद मी लिहिला

बाबांना दमा. आई तिगावजवळच्या माळावर हंगामात संत्र्याच्या छटाईला जायची. ढिगाशी उकिडवं बसून लहानमोठं फळ नुसत्या हातानं वेगळं करायची. आमचं घर त्यावर चालायचं. मी दोन शर्टांत बी.ए. झालो. घराण्यात पहिलाच. त्याचा अभिमान होता, अजूनही आहे.

आमच्याकडे फळ झाडावर असतानाच अख्खी बाग व्यापाऱ्याला विकतात. मग तोडणारी माणसं व्यापाऱ्याची, छटाईच्या बायाही त्याच्याच. आईचा सेठ पांढुर्ण्याचा, मुसलमान.

नागरिकत्वाचा कायदा आला. त्याच्या विरोधात पांढुर्ण्यात मुसलमानांनी एक दिवस दुकानं बंद ठेवली, सेठनंही. दोन दिवसांनी आमच्या गावात मारोतीच्या पारावर बैठक बसली.

"त्याइले बंदची लय हौस हाय नं? आपण कायमचंच बंद करून देऊ!"

सगळे हसले. मग कोणी म्हणालं, "आपला ग्रॅज्युएट हाय नं! काढ बापा पेन."

माझी छाती फुगली. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: मुसलमान व्यापाऱ्यांना कोणी बाग देऊ नये, त्यांच्या कामावर कोणी जाऊ नये. कागद पारावर चिकटवलाही मीच.

संध्याकाळी आईनं विचारलं, "पारावर काय लिवलं रे?" मी सांगितलं. तिचा पिठातला हात थांबला.

"मंग उद्या मी कुठी जाऊ?"

"दुसरा व्यापारी येईल."

"आन् तोडणारे? ते का तुह्या कॉलेजातून येतीन?"

दुसऱ्या दिवसापासून फाट्यावर दोन मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. बैठकीतलीच पोरं त्यावर बसून कोण कुठं जातं ते बघायची. नागपूरचे व्यापारी आले, पण तोडणारी माणसं सगळी इथल्या सेठांकडची, ती मिळेनात म्हणून परत गेले. एका शेतकऱ्यानं सेठला चोरून फोन केला. सकाळी त्याच्या ठिबकच्या नळ्या कापलेल्या निघाल्या. भर दुपारी बागेजवळून गेलं की पिकलेलं फळ गळून पडल्याचा आवाज यायचा. एक. थोड्या वेळानं आणखी एक.

पांढुर्ण्याच्या बाजारात सेठ समोर आला. "बेटा, मैंने तो अपनी दुकान बंद की थी," तो म्हणाला. "तुमने अपनी अम्मा की रोज़ी बंद करवा दी."

कायदा पटत नसेल तर माणूस आपलं दुकान बंद ठेवतो, तोटा स्वतः सोसतो. मी दुसऱ्याच्या तोंडचा घास बंद केला होता, तोही माझ्या शिक्षणाच्या जोरावर.

मी पारावर गेलो. "कागद माह्या हातचा हाय, मीच काढतो."

"काढून तं पाह्य," मागून आवाज आला.

मी काढला. सगळ्यांसमोर फाडला. कोणी हात लावला नाही, पण त्या दिवसापासून बरेच जण माझ्याशी बोलत नाहीत.

सेठ आमच्या गावात परत आला नाही. त्या हंगामाची संत्री झाडाखाली सडली. कायदा होता तिथेच आहे. आई आता सौसरकडच्या दुसऱ्या एका मुसलमान व्यापाऱ्याकडे छटाईला जाते, आणि अजून तरी फाट्यावर तिला कोणी अडवलेलं नाही.